बाहेर काढा, आत पाठवू नका : राहुल द्रविड यांना खुलं पत्र

श्री. राहुल द्रविड यांना,


पत्र फुटबॉलविषयी आहे आणि ते मी क्रिकेटपटूला लिहितोय. असं का, ते पुढे येईलच. आधी जे घडलं ते सांगतो.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो आमच्याकडे, बेंगळुरूच्या इंदिरानगरलाच राहतो आणि कॉलेजच्या संघात डिफेन्सला खेळतो. परवाच्या एका शनिवारी त्याचा सामना बघायला मी गेलो होतो. उत्तरार्धात कॉर्नर आला, दोघं एकाच चेंडूसाठी उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. नारळ फुटल्यासारखा आवाज टचलाइनपर्यंत आला. समोरचा पोरगा कपाळ धरून उठला. आमचा पाच-सहा सेकंद उठलाच नाही.

कॉलेजचे पीडी सर बाटली आणि स्प्रे घेऊन धावले. (कोल्हापुरात आम्ही ‘फिजिकल डायरेक्टर’ असं लांबलचक म्हणायचो, इथं पीडी.) त्यांनी मानेवर पाणी ओतलं, दोन बोटं वर केली आणि विचारलं, ‘‘एष्टु?’’ तो म्हणाला, ‘‘दोन.’’ सरांनी पाठीवर थाप मारली. ‘‘एनू आगल्ला, आडु.’’ काही होत नाही, खेळ.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं तो खेळला. एक चेंडू तर त्यानं गोललाइनवरून काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी प्रशिक्षकांविषयी बरंच बोलणार आहे आणि त्या दिवशी टचलाइनवर मी काय केलं ते लपवून बोलण्यात अर्थ नाही.

परत येताना रिक्षात त्यानं विचारलं, ‘‘मामा, जिंकलो का आपण?’’ मी हसलो, म्हटलं, एक-शून्यनं. हलसूरच्या सिग्नलला परत तोच प्रश्न. सीएमएच रोडला वळलो तेव्हा तिसऱ्यांदा. शंभर फुटी रस्त्यावर रिक्षा थांबवून त्याला उलटी झाली. तिथून थेट दवाखाना.

सीटी स्कॅन स्वच्छ आला. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीनं समजावलं, की स्कॅन स्वच्छ म्हणजे मेंदूत रक्तस्राव नाही एवढंच. मेंदूला हादरा बसलाय, तो स्कॅनमध्ये दिसत नाही. मग तिनं वर न बघता, लिहिता लिहिता विचारलं, ‘‘याला परत आत कुणी पाठवलं?’’

ते ‘एनू आगल्ला’ माझ्या डोक्यात अडकून राहिलं, कारण हेच वाक्य मी पस्तीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात ऐकलं होतं, फक्त दुसऱ्या भाषेत. आंतरमहाविद्यालयीन सामना होता. वळताना माझा पाय जमिनीत रुतला आणि गुडघ्यात ‘कट्ट’ झालं. आमचे सर धावत आले, गुडघा दोन्ही हातांनी हलवून बघितला, क्रेप बँडेज आवळलं. ‘‘काय हुईत न्हाई. धा मिनिटं काढ.’’ मी दहा मिनिटं काढली. संध्याकाळपर्यंत गुडघ्याचं कलिंगड झालं. घरच्यांनी हाडवैद्याकडे नेलं, आंबेहळदीचे लेप झाले, आणि ज्याला लिगामेंट म्हणतात ते माझं तुटलंय हे कळेपर्यंत दीड वर्ष गेलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा मी पुढेही कैक वेळा बघितलं, पण गॅलरीत बसून. आजही इंदिरानगर मेट्रोचे जिने उतरताना डावा हात आपोआप कठड्याकडे जातो.

त्या सरांवर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. ते आम्हाला स्वतःच्या पैशांनी केळी आणायचे. बँडेजही त्यांच्याच पिशवीतलं. हे सांगतोय कारण ‘प्रशिक्षक दुष्ट असतात’ असं काही मला म्हणायचं नाही. दुष्ट प्रशिक्षकाचा बंदोबस्त तुलनेनं सोपा असतो. जो चांगला आहे, मुलांवर जीव टाकतो, आणि तरीही दुखावलेल्या मुलाला आत ढकलतो, त्याचं काय करायचं?

आता तुम्हालाच का. फुटबॉलला माणसं नाहीत असं नव्हे. राज्याची संघटना आहे, देशाचा महासंघ आहे. विद्यापीठांच्या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ घेतो. सर आशुतोष मुखर्जी करंडकासाठी देशभरातली विद्यापीठं 1941 पासून खेळतायत. तिथंही अर्ज जातील. पण परिपत्रक निघतं, फाइलला लागतं आणि पीडी सरांच्या मैदानापर्यंत पोचेतोवर त्याची रद्दी होते. तुमचं वाक्य मात्र पोचतं. या शहरातल्या कुठल्याही खेळाच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, भिंतीवरचा फोटो तुमचा नाहीतर अनिल कुंबळेंचा. आणि 2021 च्या त्या ‘इंदिरानगर का गुंडा’ जाहिरातीपासून आमचं इंदिरानगर तर तुमच्याच नावावर आहे. शिवाय घरातली भाषा मराठी. त्यामुळे हे पत्र मराठीत लिहिण्याची मुभा मी घेतली.

त्याहून मोठं कारण 2018 चं आहे. न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालच्या मुलांनी विश्वचषक जिंकला. मंडळानं तुम्हाला पन्नास लाख आणि तुमच्याबरोबरच्या फिजिओ, ट्रेनर वगैरे मंडळींना प्रत्येकी वीस लाख जाहीर केले. तुम्ही म्हणालात, आम्ही सगळ्यांनी सारखंच काम केलंय. शेवटी सगळ्यांना पंचवीस-पंचवीस मिळाले, म्हणजे तुमचे निम्म्यावर आले. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतर तुम्ही पुन्हा तेच केलंत, अडीच कोटी सोडलेत. वर्तमानपत्रांनी त्याला तुमच्या साधेपणाच्या गोष्टीत घातलं. मला त्यात वेगळं दिसलं. मुख्य प्रशिक्षकानं जाहीरपणे सांगितलं, की फिजिओचं काम माझ्या कामाइतकंच मोलाचं आहे. आपल्याकडच्या खेळात हे कोण म्हणतं?

त्याच्या आधीही, 2015 साली पतौडी व्याख्यानात, तुम्ही वयचोरीवर बोलला होतात. जन्मतारखा बदलण्याचं पाप तुम्ही मुलांच्या माथी मारलं नाहीत. बोट दाखवलंत ते मोठ्यांकडे, पालकांकडे आणि प्रशिक्षकांकडे, ज्यांना पोरांच्या स्पर्धेतही जिंकायचंच असतं. माझा विषय त्याच गल्लीतला आहे, दोन घरं पुढचा.

या शहराला फुटबॉलच्या मैदानावरचे दोन मृत्यू ठाऊक आहेत. इंदिरानगरहून मेट्रोनं कब्बन पार्क चौथं स्टेशन. तिथं उतरलं की कंठीरवा स्टेडियम. 5 डिसेंबर 2004 ला तिथं फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचा ब्राझीलचा स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर दुसरा गोल करताना गोलकीपरवर आदळला, चेंडू जाळ्यात गेला आणि तो कोसळला. पंचवीस वर्षांचा होता. डेम्पोनं सामना 2-0 जिंकला आणि त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. गोव्यात अजूनही त्याचं नाव काढलं की जुनी माणसं गप्प होतात. बागानचा गोलकीपर सुब्रत पॉल, त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी आली. पुढे तो भारताचा गोलकीपर झाला. चर्चा सगळी त्याच्याभोवती फिरली, की धक्का मुद्दाम होता की नव्हता. मैदानावरच्या वैद्यकीय तयारीवर टीका झाली खरी, पण टीका करणाऱ्यांचाही जोर हळूहळू ओसरला.

तो किती ओसरला ते सव्वासात वर्षांनी दिसलं. 21 मार्च 2012. अशोकनगरचं बेंगळुरू फुटबॉल स्टेडियम, जिल्हा लीगचा ‘अ’ विभागाचा सामना. बेंगळुरू मार्सचा डी. वेंकटेश हा सत्तावीस वर्षांचा खेळाडू बदली म्हणून आत आला होता. भरपाई वेळेत तो कोसळला. मैदानावर ॲम्ब्युलन्स नव्हती. सोबत्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

याच्या चारच दिवस आधी, 17 मार्चला, लंडनमध्ये बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात तसाच कोसळला होता. त्याचं हृदय 78 मिनिटं बंद होतं. मैदानावर डॉक्टर होते, शॉक देणारं यंत्र होतं, आणि प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञ कठडा ओलांडून मदतीला आला. मुआम्बा वाचला. हृदय असं बंद पडलं की शॉक मिळायला होणाऱ्या उशिराचं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. आता बेंगळुरूच्या रस्त्यावर रिक्षाला किती मिनिटं लागतात याचा हिशेब तुम्हीच करा.

रोगनिदान मी करत नाही. त्या दोघांना काय झालं होतं, काय करता आलं असतं, हे डॉक्टरांचं काम. मला दिसतं ते एवढंच, की सामना सुरू होण्याआधी चेंडूची हवा तपासतात, बुटांचे स्टड तपासतात, नखंसुद्धा बघतात; पण ‘ॲम्ब्युलन्स कुठाय?’ असं विचारून, उत्तर मिळेपर्यंत संघ आत न नेणारा प्रशिक्षक मी अजून पाहिलेला नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत तर नाहीच.

भाच्याच्या प्रकरणानंतर आठवड्यानं मी त्याच्या पीडी सरांना भेटलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. कॉलेजच्या गेटबाहेर चहा घेतला. सर चाळिशीतले आहेत. फुटबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डी आणि ॲथलेटिक्स असं चारही त्यांच्याकडे. नोकरी कंत्राटी, दर जूनला नूतनीकरण, आणि त्या वेळी प्राचार्यांच्या टेबलावर एकच कागद असतो : यंदा ट्रॉफ्या किती. फिजिओ नाही. प्रथमोपचाराची पेटी आहे, तिची किल्ली ऑफिसात असते आणि ऑफिस शनिवारी दुपारी बंद. त्या दिवशी बाकावर दोनच मुलं होती, त्यातला एक गोलकीपर. ‘‘त्याला बाहेर काढला असता तर गोलकीपरला बॅकला खेळवावं लागलं असतं,’’ सर म्हणाले. थोड्या वेळानं, कप खाली ठेवत, इंग्रजी आणि कन्नडची सरमिसळ करत ते जे बोलले त्याचा अर्थ असा होता : तो निर्णय माझ्याकडे नसता तर बरं झालं असतं.

मला या पत्रात एवढंच म्हणायचं आहे.

मार लागलेल्या खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याचा प्रशिक्षकाला पूर्ण अधिकार असावा. शंका आली, काढा. कुणाला विचारू नका. पण त्याला परत आत पाठवण्याचा अधिकार प्रशिक्षकाला अजिबात नसावा, त्या सामन्यात नाही आणि पुढच्याही नाही. ते डॉक्टरनं किंवा फिजिओनं ठरवावं. आणि मैदानावर तसं कुणीच नसेल तर तो मुलगा त्या दिवशी परत जाणार नाही. एका दिशेनं उघडणारं दार.

याला पैसा लागत नाही, हे त्यातलं मला सगळ्यात आवडतं. कॉलेजांना फिजिओ नेमा म्हटलं की लगेच अनुदान, पद, मान्यता असं सुरू होतं. फिजिओ नेमाच, पण तो येईपर्यंत हे दार आजपासून बसवता येतं. ज्या कॉलेजाकडे डॉक्टर नाही तिथं नियम उलट जास्त कडक होतो.

आणि प्रशिक्षकाकडे हा अधिकार का नको? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याला जिंकायचं असतं म्हणून, आणि जिंकावंसं वाटणं हेच तर त्याचं काम. ज्याला गाय विकायची आहे त्यालाच तिचे दात बघायला आपण सांगत नाही.

सांगितलं तर काय होतं, त्याचं मोठं उदाहरण बघा. 2014 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, रिओ, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला सतराव्या मिनिटाला जबड्याजवळ जबर धक्का बसला. त्यावर उपचार झाले आणि तो परत खेळायला लागला. थोड्या वेळानं त्यानं रेफरी निकोला रिझोली यांना विचारलं, की ही फायनल आहे का? रिझोलींना आधी गंमत वाटली, मग त्यांनी जर्मन खेळाडूंना सांगितलं. एकतिसाव्या मिनिटाला क्रामर बाहेर आला. जगातला सगळ्यात श्रीमंत बाक, डॉक्टरांचा ताफा, आणि ते ओळखलं रेफरीनं. आमच्या भाच्याचा ‘मामा, जिंकलो का’ हा प्रश्न त्याच जातीचा. फरक इतकाच, की तो प्रश्न ऐकून मामा हसला होता.

मेंदूला हादरा बसायला बेशुद्ध पडावं लागत नाही. दोन बोटं बरोबर मोजणं ही काही परीक्षा नव्हे. त्या अवस्थेत दुसरा धक्का बसला तर, क्वचित का होईना, मेंदूला जीवघेणी सूज येते, आणि ती बहुधा कोवळ्या वयातच येते. इंग्लंडमध्ये 2023 पासून शाळा-क्लबांच्या पातळीवर सांगितलं जातं, की शंका असेल तर बसवा, आणि अशा खेळाडूला एकवीस दिवसांच्या आत स्पर्धेत उतरवू नका. फुटबॉलच्या नियमांनी तर जुलै 2024 पासून स्पर्धांना सोय दिलीय, की डोक्याला मार लागला तर नेहमीच्या बदलांखेरीज एक जादा खेळाडू बदलता येईल, आणि समोरच्यालाही तेवढीच सवलत. बाक रिकामा असल्याची सबब त्यानं निम्मी संपते. आपल्या विद्यापीठीय स्पर्धांनी ती सोय घ्यावी, त्याला कोण अडवतंय?

फिजिओचं म्हणणं वरचढ का असावं, तेही सांगतो. 8 ऑगस्ट 2015 ला चेल्सी विरुद्ध स्वान्सी सामना चालू होता. बरोबरी, चेल्सीचे आधीच दहाच खेळाडू उरलेले. एडन हॅझार्ड पडला. रेफरीनं खूण केली आणि संघाच्या डॉक्टर इवा कार्नेरो आणि फिजिओ धावत आत गेले. उपचार घेतलेल्या खेळाडूला नियमानं बाहेर जावं लागतं, चेल्सी काही क्षण नऊवर आले. व्यवस्थापक जोझे मोरिन्यो भडकले. जाहीरपणे म्हणाले, की या लोकांना खेळ कळत नाही. डॉक्टरांना संघापासून दूर केलं गेलं, त्यांनी क्लब सोडला. पुढल्या वर्षी प्रकरण लवादापर्यंत गेलं, तडजोड झाली आणि क्लबनं त्यांची बिनशर्त माफी मागितली. माफी पेपरात लहान छापली गेली. मोरिन्यो ओरडतानाचे फोटो मात्र सगळ्यांनी पाहिले होते, आणि प्रत्येक लहान मैदानावरच्या फिजिओनं त्यातून जो घ्यायचा तो धडा घेतला. म्हणूनच तुमचे ते पंचवीस लाख मला साधेपणापेक्षा जास्त वाटतात.

आता कॉलेजच्या पातळीवरचं एक उदाहरण. अमेरिकेत ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणतात तो खेळ वेगळा, लांबुळका चेंडू, डोक्यावर हेल्मेट. पैसा इतका, की कित्येक विद्यापीठांत सगळ्यात जास्त पगार या प्रशिक्षकाचा असतो. तिथं मेरीलँड विद्यापीठात 29 मे 2018 ला सरावात मुलांना धावण्याच्या फेऱ्या दिल्या होत्या. जॉर्डन मॅकनेर नावाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू उन्हानं कोसळला. अशा वेळी पहिलं काम असतं अंग बर्फाच्या पाण्यात बुडवून ताप उतरवणं, मग दवाखाना. ते बुडवणं झालंच नाही, ॲम्ब्युलन्सलाही उशिरा फोन गेला. 13 जूनला तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी मुलाच्या आईवडिलांची माफी मागून कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी घेतली. नियामक मंडळानं मात्र चौकशीनंतर प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना कायम ठेवायचं ठरवलं. त्यावर इतका गदारोळ झाला, की दुसऱ्याच दिवशी, 31 ऑक्टोबरला, त्यांना काढावं लागलं. पुढे कुटुंबाला पस्तीस लाख डॉलर मिळाले.

मला यातली वेगळीच गोष्ट टोचते. खेळाडूंच्या उपचाराची व्यवस्था क्रीडाविभागाकडून काढून वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवावी, असा प्रस्ताव त्या विद्यापीठात वर्षभर आधी आला होता. तो बारगळला. म्हणजे दार बसवायचं कुणाला तरी सुचलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, किंवा तुम्ही नाही तर तुमच्या जागी बसलेला कुणी म्हणेल, की खेळाडूच खोटं बोलतात. बोलतातच. मीही बोललो होतो. दहा मिनिटांत सरांनी एकदा लांबून अंगठा वर करून विचारलं, मीही अंगठा वर केला. भाच्याला मी विचारलं, डोकं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? म्हणाला, विद्यापीठाची निवड होती ना. एका निवडीवर हजेरी, शिष्यवृत्ती, क्रीडागुण, पुढे खेळाडूंच्या राखीव जागेतली नोकरी एवढं सगळं टांगलेलं असताना विसाव्या वर्षी कोण खरं बोलेल? म्हणून तर त्याच्या ‘मी ठीक आहे’वरही विसंबता येत नाही. उलटं सोंगही आहे. फुटबॉलमध्ये वेळ काढायला लोळणं ही एक स्वतंत्र कला आहे, आणि प्रशिक्षकाला ती चांगली ठाऊक असल्यानं खरं लोळणंही त्याला नाटक वाटतं. एकतर्फी दाराचा इथं एक अनपेक्षित फायदा होईल. डोकं धरून पडलं की सामना संपला, हे कळलं की नाटकं आपोआप कमी होतील.

आणि अवघड भाग आता येतो, कारण तो तुमच्या पिढीचा आहे आणि मी तुमचा चाहता आहे. 2002 ची अँटिगा कसोटी. मर्विन डिलनचा चेंडू कुंबळेंच्या जबड्यावर बसला, जबडा मोडला, आणि ते डोक्याभोवती पट्टी गुंडाळून सलग चौदा षटकं टाकून गेले, वर लाराला बाद केलं. त्याच सामन्यात तुम्ही 91 केल्या होत्यात आणि रिडली जेकब्सला बाद करून कसोटीतली तुमची एकमेव विकेटही घेतली होतीत, पण ते कुणाच्या लक्षात आहे? लक्षात आहे ती पट्टी. गेली वीस-बावीस वर्षं ती आमच्या प्रत्येक पीडी सरांच्या भाषणात येते. ‘जबडा मोडला तरी खेळला, तुला नुसतं गरगरतंय?’ कुंबळेंचा त्यात काही दोष नाही. एकतीस वर्षांचा कसोटी गोलंदाज, शेजारी संघाचा फिजिओ, स्वतःचा निर्णय, आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी घरी. त्यातलं काहीही नसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला ती गोष्ट सांगितली जाते, एवढंच.

एप्रिल 2025 मध्ये जयपूरला वैभव सूर्यवंशीनं पस्तीस चेंडूंत शतक केलं, तेव्हा पायाला दुखापत असतानाही तुम्ही व्हीलचेअरवरून ताडकन उठलात. घरात आम्ही सगळे ओरडलो होतो. माझी बायको तेवढी म्हणाली, ‘‘अहो, पाय!’’ तिनं उभ्या आयुष्यात फुटबॉल खेळलेला नाही. टचलाइनवर असं ‘अहो, पाय!’ म्हणणारं कुणीतरी हवं, इतकीच माझी मागणी आहे असंही म्हणता येईल.

तुमच्याकडून मला देणगी नको, सदिच्छा-दूत वगैरे होणं नको. एक पान तयार केलंय. त्यात तीनच गोष्टी आहेत. एक, सामन्याआधी ॲम्ब्युलन्स आणि शॉकचं यंत्र कुठे आहे हे प्रशिक्षकानं विचारायचं आणि उत्तर नसेल तर संघ आत न्यायचा नाही. दोन, छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचं शिक्षण घेतल्याशिवाय कुणालाही बाकावर बसता येणार नाही. ते एका दुपारीत होतं. तीन, ते दार. कन्नड आणि इंग्रजी मसुदा भाच्यानं आणि त्याच्या मित्रांनी केला, मराठी मी. मराठी प्रत कोल्हापूरला जाईल. तिथं पेठापेठांतली पोरं अजून तशीच खेळतात, आणि तालमीतल्या जाणत्यांचे हातही अजून गुडघा हलवूनच बघतात.

या पानाखाली तुमची सही हवी आहे. आणि या शहरात कॉलेजांच्या क्रीडामहोत्सवाला तुम्हाला बोलावणं येतच असणार. एखाद्या ठिकाणी गेलात तर मुलांशी बोलून झाल्यावर पाच मिनिटं पीडी सरांना बाजूला घ्या. तुम्ही प्रशिक्षक म्हणून कधी हरलात, कुणाला बाहेर बसवून हरलात, ते त्यांना सांगा. ते आमच्यासारख्यांचं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. पहिली सही कुणाची ते मुद्दाम सांगतो : भाच्याच्या सरांची. नोकरीचं नूतनीकरण जूनमध्ये आहे, तरी त्यांनी केली.

भाचा बरा आहे. डोकेदुखी गेली, परीक्षा एक विषय सोडून दिल्या. चौथा आठवडा चालू आहे, डॉक्टरांनी अजून फक्त धावायला परवानगी दिलीय, हेडरला नाही. रोज पहाटे डिफेन्स कॉलनीच्या झाडांखालून चार फेऱ्या मारतो आणि घरी आला की विचारतो, ‘‘मामा, शनिवारी?’’ मी म्हणतो, मला नको विचारूस.

आपला,
इंदिरानगरचा एक कोल्हापूरकर